खिडकीबाहेर बघायचं नाही

थर्ड मेट, म्हणजे जहाजावरचे कनिष्ठ अधिकारी झालात, अभिनंदन! आता रात्री आठ ते बारा अख्खं जहाज तुमच्या भरवशावर. घाबरू नका, टक्कर घडवायला फारसं काही करावं लागत नाही. काहीच न करणं, हेच त्यातलं मुख्य काम.

आधी खिडकीकडे पाठ करा. टक्करी टाळण्यासाठी १९७२ साली केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम म्हणतो, की डोळ्यांनी, कानांनी आणि हाताशी असेल त्या प्रत्येक साधनाने टेहळणी करा. तुमच्याकडे रडार, एक्डिस (स्क्रीनवरचा सागरी नकाशा), एआयएस (जहाजांनी स्वतःची ओळख आणि ठिकाण रेडिओवरून कळवणारी यंत्रणा) असताना डोळे कशाला शिणवायचे? जे स्क्रीनवर नाही ते समुद्रातही नाही, असं धरून चाला. कोकणातली लाकडी होडी रडारवर धड उमटत नाही, कित्येक होड्यांवर एआयएसही नसतं. म्हणजे रस्ता मोकळा! एप्रिल २०२१मध्ये मंगळुरूपासून दूर समुद्रात एक कंटेनर जहाज आणि केरळातून निघालेली मच्छीमार बोट यांची टक्कर झाली. बोटीवर १४ जण होते, जिवंत सापडले दोघे.

समोरच्या दिव्याचं बेअरिंग, म्हणजे आपल्यापासूनची दिशा, बदलत नसेल आणि अंतर मात्र घटत असेल, तर टक्कर ठरलेली, असं जुने कॅप्टन सांगत बसतील. त्यासाठी चार वेळा उठून कंपासला डोळा लावावा लागतो. त्यापेक्षा दिवा दिसला की तो किनाऱ्यावरचाच, असं मनाशी ठरवून टाकावं. नॉर्वेच्या नौदलाची 'हेल्गे इंगस्टाड' ही फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका, ८ नोव्हेंबर २०१८च्या पहाटे हेच करत होती. नुकताच धक्का सोडून निघालेला 'सोला टीएस' हा भरलेला टँकर डेकवरचे दिवे लावून समोरून येत होता आणि फ्रिगेटच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, समजूत अशी, की ते दिवे एका जागी स्थिर आहेत. ब्रिजवर माणसं किती? सात. टँकरने व्हीएचएफ रेडिओवरून उजवीकडे वळायला सांगितलं, तर उत्तर गेलं की तसं केलं तर त्या दिव्यांच्या फार जवळ जाऊ. फ्रिगेट बुडाली. सगळे १३७ जण वाचले, हे नशीब.

सात माणसं असून हे झालं, तर एकट्याने किती सोपं जाईल बघा. अंधार पडल्यावर अधिकाऱ्याने एकट्याने वॉच (ब्रिजवरची पाळी) करायचा नाही, सोबत लुकआउट, म्हणजे टेहळणीला खलाशी हवा. पण तुमचा लुकआउट दिवसभर गंज खरवडून दमलेला असतो. माणुसकी म्हणून त्याला झोपायला पाठवा. मग तुम्हीही टेका. ठरावीक मिनिटांनी बटण न दाबल्यास बोंबलणारा अलार्म मध्ये येतो, तो बंद करता येतो.

मे २०२५मध्ये नॉर्वेतच 'एनसीएल साल्टेन' हे १३५ मीटर लांबीचं कंटेनर जहाज पहाटे सरळ किनाऱ्यावर चढलं आणि एका घरापासून काही मीटरवर थांबलं. वॉचवरचा अधिकारी झोपला होता. घरमालकही झोपलेच होते. शेजाऱ्याने बेल वाजवून उठवलं, तेव्हा त्यांना अंगणात जहाज दिसलं. त्या रात्री टेहळणी केली ती या शेजाऱ्याने. जहाज कंपन्यांनी त्याला विचारून बघायला हरकत नाही.

झोप का येते, हा प्रश्न मात्र विचारू नका, ऑफिसला आवडत नाही. २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती, हा नियम आहे आणि तो कॉम्प्युटरच्या शीटमध्ये कसोशीने पाळला जातो. बंदरात रात्रभर माल चढवत उभे होतात? शीटला त्याचा पत्ता नाही. विश्रांती कमी भरून शीटमधला चौकोन लाल झाला तर आकडा बदला, लगेच हिरवा होतो. माणसं वाढवण्यापेक्षा हे फारच स्वस्त पडतं.

एवढं करूनही कोणी धडकायला सापडलं नाही, तर नांगरलेलं जहाज शोधा. 'सोलाँग' या मालवाहू जहाजाला १० मार्च २०२५ला उत्तर समुद्रात, तेही दिवसाउजेडी, तसा टँकर सापडला होता. एक खलाशी गेला. दोन्ही ब्रिजवर वेगळा लुकआउट नव्हता, असं ब्रिटिश तपासात निघालं.

पुढची काळजी कंपनी घेते. सर्क्युलर निघेल, सगळ्या जहाजांना एक जास्तीची चेकलिस्ट येईल, 'टेहळणी नीट चालू आहे का?' दर तासाला टिक करून सही करायची. वॉचवर असतानाच, मान खाली घालून.