वॉरन मून सातवा?

आज दुपारी जेवणं झाली आणि लेकाच्या मित्रानं फोन पुढे केला. "काकू, तुम्ही फुटबॉल बघता ना? ही यादी बघा." सगळ्या काळातले थोर ब्लॅक क्वार्टरबॅक, एक ते दहा. पोरांनीच मिळून केलेली. वॉरन मून सातव्या नंबरवर. मी विचारलं, सातवा कसा? तर म्हणाला, "त्यानं एकही सुपर बोल जिंकला नाही ना, काकू." हातातलं भाताचं भांडं ओट्यावर ठेवलं आणि मी आत निघून गेले. घरी आलेल्या मुलाशी असं वागू नये, कळतं मला. पण तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहायला बसले.

भारतातल्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. सुपर बोल म्हणजे इथल्या एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगची दरवर्षीची अंतिम मॅच. अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक डावाला बॉल आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. समोरून डोंगराएवढी माणसं अंगावर येत असतात आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत सगळं मैदान वाचून त्यानं बॉल कुणाकडे फेकायचा ते ठरवायचं असतं. टीमचं डोकं म्हणजे तो. आणि म्हणूनच ती जागा वर्षानुवर्षं गोऱ्यांसाठी राखलेली होती. कृष्णवर्णीय मुलगा पळायला चालायचा, झेल घ्यायला चालायचा, समोरच्याला आडवा करायला चालायचा. डोकं चालवायला चालायचा नाही. १९३४ ते १९४५ तर त्या लीगमध्ये एकसुद्धा कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. १९८९ साली लग्न होऊन ह्यूस्टनला आले. नवरा रिफायनरीत, शिफ्टची ड्यूटी. मला काम करायची परवानगी नाही, गाडी येत नाही, ओळखीचं कुणी नाही. शेजारच्या दारात साठीचं एक कृष्णवर्णीय जोडपं राहायचं. तोंडावर मी 'सर' आणि 'मॅडम' म्हणायचे, मनात मात्र ते काका-काकूच. रविवारी दुपारी दार उघडं टाकून ऑइलर्सची, म्हणजे ह्यूस्टनच्या टीमची, मॅच लावायचे. एक दिवस काकूंनीच हाक मारली, एकटी काय बसतेस, ये.

मला काहीच कळत नव्हतं. काकांनी कपाटातून एक जुना बॉल काढला. चामडं गुळगुळीत झालेलं, टोकाशी भेगा. माझी बोटं धरून त्यांनी एकेक जागेवर ठेवली. अनामिका आणि करंगळी लेसवर, तर्जनी टोकाकडे, अंगठा खाली, आणि तळहात चामड्याला टेकू द्यायचा नाही, मधे थोडी फट हवी. माझ्या बांगड्या बॉलवर आपटत होत्या. भाऊ लहानपणी क्रिकेटच्या बॉलची शिवण बोटांत कशी धरायची ते दाखवायचा, तेच आठवलं. मग टीव्हीकडे बोट करून म्हणाले, आता त्याचा हात बघ. ऑइलर्सच्या क्वार्टरबॅकनं, वॉरन मूननं, बॉल सोडला. तो स्वतःभोवती गरगर फिरत, जराही न डगमगता, चाळीस-पन्नास यार्ड गेला. त्या दिवसापासून मी हा खेळ बघते.

काका शाळेत क्वार्टरबॅक होते. टेक्ससमधली फक्त कृष्णवर्णीयांची शाळा, त्या काळी वेगळ्याच असायच्या. पुढे सैन्यात गेले. तळावरच्या टीमचा कोच त्यांना म्हणाला, तुझे पाय चांगले आहेत, तू बॉल झेलायला उभा राहा. बस. त्यानंतर कुणी त्यांना फेकायला दिलं नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. उजवा हात मात्र खुर्चीच्या दांड्यावरून उचलून नुसताच फेकल्यासारखा केला.

आता मूनचं ऐका. १९७८ च्या जानेवारीत त्यानं वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोल ही कॉलेजांची मानाची मॅच जिंकून दिली, मिशिगनला हरवून, आणि त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. त्याच वर्षीच्या ड्राफ्टला, म्हणजे लीगच्या टीम कॉलेजचे खेळाडू निवडून घेतात त्याला, १२ फेऱ्या होत्या. १२ फेऱ्यांत एका टीमला त्याचं नाव घ्यावंसं वाटलं नाही. जागा बदल, दुसरं काहीतरी खेळ, हाच सूर. तो म्हणाला नाही. जे येतं तेच खेळणार. आणि देश सोडून कॅनडात गेला. एडमंटनला सहा वर्षं, त्यात सलग ५ ग्रे कप, म्हणजे तिथल्या लीगची विजेतेपदं. मग १९८४ मध्ये इथल्या लीगला जाग आली आणि तो ह्यूस्टनला आला. तोवर वयाची सत्तावीस वर्षं झाली होती. तरीही पास फेकून ४९,३२५ यार्ड आणि २९१ टचडाउन, म्हणजे बॉल समोरच्या शेवटच्या रेषेपार पोचवून गुण. ती सहा वर्षं कुठल्या खात्यात धरायची, सांगेल का कुणी? दार तुम्ही लावायचं आणि वर उशिरा आलास म्हणून मार्कही कापायचे?

'आपल्याला काय त्याचं' असं कुणी कॉमेंटमध्ये लिहिणार असेल तर लिहू नका. आपल्याला सगळ्यात आधी कळायला हवं. दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकर १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेऊन आले, आणि हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधी दिलं नाही. पुण्यात चहासुद्धा मैदानाबाहेर, वेगळ्या कुल्हडात. बॉलिंग कर, कप्तान होऊ नकोस. १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला, कप्तान केलं तेव्हा बाळूंचा खेळ संपला होता. काकांना मी हे सांगितलं होतं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं.

१६ डिसेंबर १९९०, कॅन्सस सिटी. मूननं ५२७ यार्ड फेकले, एका मॅचमधल्या विक्रमाला फक्त २७ कमी. काका उभ्यानं मॅच बघत होते. आणि ३ जानेवारी १९९३, बफेलो. ३५-३ अशी आघाडी आणि हरलो ४१-३८. हो, ओव्हरटाइममधला तो इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्या टीमनं झेललेला पास, मूनचाच होता, ते नाकारत नाही. पण त्याच मॅचमध्ये ४ टचडाउन त्यानंच फेकले होते, आणि ३५ गुण काही त्यानं दिले नव्हते. काकांनी टीव्ही बंद केला. एवढंच म्हणाले, उद्या सगळे क्वार्टरबॅकबद्दल बोलतील. दुसऱ्या दिवशी बोललेच सगळे.

बरं, आताच्या पिढीतला क्वार्टरबॅक महोम्स. खेळ म्हणून बघितलं तर तो सगळ्यात भारी आहे. तीन सुपर बोल, दोनदा एमव्हीपी, म्हणजे लीगचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू. मान्य. पुढे चला.

आणि एक गोष्ट लिहिता लिहिता मनात आली. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये एका बाजूला महोम्स, दुसऱ्या बाजूला जेलन हर्ट्स. दोन्ही क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय, पहिल्यांदाच. मी सोफ्यावर बसून रडत होते आणि ही पोरं पिझ्झा खात होती. त्यांना त्यात विशेष काही वाटलंच नाही. त्यांच्यासाठी हे असंच असतं. काकांना कदाचित हेच आवडलं असतं. त्या मुलावर मी उगाच चिडले. त्याचा काय दोष, त्याला कुणी सांगितलंच नसेल.

पण मग लमार जॅक्सन आठवतो आणि परत डोकं फिरतं. कॉलेजचा सर्वोच्च मान, हाइसमन ट्रॉफी मिळवलेला मुलगा, आणि त्याला जाणती म्हणवणारी माणसं सांगतात, तू रिसीव्हर हो, बॉल झेल. १९६८ ची नव्हे, २०१८ ची गोष्ट आहे ही! पहिल्या फेरीतला शेवटचा, ३२ वा नंबर येईपर्यंत बसवलं त्याला. पुढच्याच वर्षी ५० पैकी ५० मतं घेऊन एमव्हीपी. काकांना झेलायला उभं करणारा कोचच हा, फक्त तळ बदलला.

तर माझी यादी. पहिला मून. दुसरा महोम्स. तिसरा डग विल्यम्स, ज्यानं ३१ जानेवारी १९८८ ला सुपर बोलच्या एका क्वार्टरमध्ये ४ टचडाउन फेकून डेन्व्हरची वाट लावली आणि पुढच्या सगळ्यांना दार उघडून दिलं. चौथा लमार. पाचवा स्टीव्ह मॅकनेर, एका यार्डानं सुपर बोलची बरोबरी हुकलेला. त्यापुढे रसेल विल्सन, कनिंगहॅम, मॅकनॅब, कॅम न्यूटन कुठे बसवायचे ते तुम्ही ठरवा, मी भांडणार नाही. मायकल विकला मी घेणार नाही. पाय कितीही वेगवान असोत, कुत्र्यांच्या झुंजी लावून त्यांचं जे केलं ते मला विसरता येत नाही.

दहावी जागा मार्लिन ब्रिस्कोची. २००६ मध्ये मून हॉल ऑफ फेममध्ये गेला, तिथे जाणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. तोवर ऑइलर्स टेनेसीला गेले होते आणि आम्ही न्यू जर्सीला. मी ह्यूस्टनला फोन लावला, काकांचा आवाज पार खोल गेलेला. मला वाटलं मूनबद्दल बोलतील. पण त्यांनी विचारलं, तिथे कुणी ब्रिस्कोचं नाव घेतलं का?

१९६८, डेन्व्हर. पहिलंच वर्ष, सुरुवातीपासून खेळायला मिळालेल्या मॅच फक्त ५, आणि १४ टचडाउन पास. पुढच्या वर्षी त्याला क्वार्टरबॅकच्या जागेवर उभंच केलं नाही. बफेलोत जाऊन बॉल झेलायला लागला.