त्याला दिसलं, हे खरंच आहे

पितृपक्ष सुरू झाला की आमच्या वॉर्डात एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘सिस्टर, यांना बाहेरचं झालंय.’ मी नाशिकच्या एका रुग्णालयात मेडिसिन वॉर्डात नर्स आहे. निफाड, दिंडोरी, पेठ, सुरगाणा, सगळीकडचे पेशंट येतात. भूत, हडळ, मुंज्या दिसला म्हणणारी माणसं मी इतकी जवळून पाहिली आहेत की या विषयावर माझं मत ठाम झालंय. ते बाहेरून येत नाही, मेंदूतच घडतं. पण ‘भास आहे, लक्ष देऊ नका’ म्हणून जो पाठ फिरवतो, त्याच्याशीही माझं तितकंच भांडण आहे.

सगळ्यात जास्त ‘बाधा’ मी दारू सोडलेल्या माणसांत पाहिली. घरचे शपथ घालतात, कुणी गळ्यात माळ घालतं, आणि वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस एका दिवसात थांबतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, अंगाला घाम सुटतो, झोप उडते. दिवेलागणीनंतर माणसं दिसायला लागतात. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार बाबा रात्रभर चादरीवरून मुंग्या वेचत होते. चादर स्वच्छ होती. एकेक मुंगी चिमटीत धरून ते बायकोच्या हातात द्यायचे आणि ती माउली ओंजळ पुढे करून उभी. मधूनच ते खिडकीकडे बघून वारलेल्या चुलतभावाशी बोलायचे, ‘थांब, येतो’ म्हणायचे. ते ऐकून बाहेर बाकावर बसलेली सगळी भावकी हादरली.

यात घडतं ते असं. दारू मेंदूला रोज दाबून ठेवते, म्हणून मेंदू उलटा जोर लावायला शिकतो. दारू अचानक गेली तरी तो जोर उरतोच, आणि मेंदू स्वतःच चित्रं, आवाज, माणसं उभी करतो. थायामिनचं इंजेक्शन, सलाईन, मेंदू शांत करणारी औषधं दिली की बहुतेक जण काही दिवसांत सावरतात. बाबाही सावरले. पण हेच दिवस नारळ-लिंबू उतरवण्यात गेले तर फिट्स येतात, माणूस दगावतो. माझा सगळा राग या वाया गेलेल्या दिवसांवर आहे.

द्राक्षपट्ट्यात दुसरा एक प्रकार दिसतो. फवारणीचं औषध पोटात गेलेल्या पेशंटला अ‍ॅट्रोपिन द्यावं लागतं. त्याने जीव वाचतो, पण मात्रा वाढली की तोंडाला कोरड पडते, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस हवेत हात मारतो, न दिसणाऱ्या कुणाला तरी हाकलतो. नातेवाइकांना वाटतं, विष उतरलं आणि लागिर चढलं. डोस कमी केला की ते जातं. धोतऱ्याच्या बियांत हेच अ‍ॅट्रोपिन असतं, तो खाल्लेला माणूसही असाच बरळतो.

आणि छातीवर बसणारं भूत? ते मला स्वतःला भेटलंय. नाइट ड्युटी करून होस्टेलवर उताणी झोपले होते. डोळे उघडले, खोली दिसत होती, पंखा फिरत होता, पण बोटही हलेना. दाराशी कुणीतरी उभं होतं, मग ते छातीवर आलं. आजही अंगावर काटा येतो. स्वप्नाच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो, म्हणून आपण स्वप्नातली धावाधाव अंथरुणात करत नाही. कधी जाग आधी येते आणि ती पकड मागाहून सुटते. मधल्या काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत, भीती आणि स्वप्न जाग्या डोळ्यांसमोर येतात. साधारण १०० पैकी ८ जणांना आयुष्यात कधीतरी हा अनुभव येतो. जागरण आणि शिफ्ट ड्युटी असली की जास्त. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

श्रद्धाळू माणसाचा एक प्रश्न मला खरोखर विचार करायला लावतो. ‘झाडसुद्धा मेंदूमुळेच दिसतं ना? मग मेंदूत काही घडलं म्हणून बाहेर काहीच नव्हतं, हे कसं ठरवलं?’ याचं मला पटलेलं उत्तर स्वित्झर्लंडमधल्या एका प्रयोगात आहे. ओलाफ ब्लँके आणि सहकाऱ्यांनी तो २००६ साली ‘नेचर’मध्ये मांडला. अपस्माराच्या एका तरुणीच्या मेंदूची शस्त्रक्रियेआधी तपासणी चालू होती. डाव्या बाजूच्या एका ठरावीक जागी विजेचा सौम्य प्रवाह दिला की तिला पाठीमागे कुणीतरी असल्याचं जाणवायचं. ती आडवी असली की ते आडवं. ती उठून गुडघ्यांना मिठी मारून बसली, तर त्यानेही तिला मिठी मारली, आणि ते तिला नकोसं वाटलं. तिच्याच शरीराची जाणीव तिला दुसऱ्याची वाटत होती. बाहेरचं कुणी असतं तर ते तिच्यासारखंच का बसलं असतं?

अंगात येणं वेगळं. चैत्रात सप्तशृंगी गडावर घुमणाऱ्या बायकांना मी आजारी म्हणणार नाही. पण घरात जिचं कुणी ऐकत नाही, ती सून रोज रात्री घुमायला लागली, तर तिला घरात काय त्रास आहे हे आधी विचारा.

तिला मारू मात्र नका. आमच्याकडे चटक्यांचे डाग घेऊन पेशंट आले आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं, चप्पल भिजवलेलं पाणी पाजणं हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे आहेत, ६ महिने ते ७ वर्षं शिक्षा आहे. त्याच वर्षी २० ऑगस्टला या कायद्यासाठी आयुष्य झिजवणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. आणि हे अडाणी खेड्यातच घडतं असं कुणी समजू नये. जर्मनीत आनेलिझे मिशेल ही शिकलेली, अपस्मार असलेली मुलगी ६७ वेळा ‘सैतान काढण्याचे’ विधी सोसून १९७६ साली उपासमारीने गेली. वय २३. पुढे तिच्या आईवडिलांना आणि दोन पाद्र्यांना न्यायालयाने दोषी ठरवलं.

असा पेशंट आला की मी वाद घालत नाही. कोण दिसतंय, काय म्हणतंय, ते विचारते आणि ऐकून घेते. दिवा चालू ठेवते, ओळखीचं माणूस उशाशी बसवते, आज वार कोणता, आपण कुठे आहोत हे पुन्हा पुन्हा सांगते. मनगटावरचा भगताचा दोरा मी कधी कापलेला नाही. भगतालाही निरोप देते : ताप, थरथर, फिट किंवा अचानक बदललेलं बोलणं दिसलं की दोरा बांधा, पण त्याच रात्री गाडीत घालून इकडे पाठवा. पेठकडचे एक भगतबाबा आता खरंच पाठवतात, सोबत चिठ्ठीही देतात.

मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा सरकारी टेलि-मानस नंबर आहे, मोफत, मराठीतही बोलतात. जीव धोक्यात वाटला तर आधी १०८.