बोंबील नापास, फिश फिंगर पास!

आज सकाळी सीवूड्सच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन स्क्रीनशॉट पडले. कुठल्याशा ॲपने पाकिटं स्कॅन केलेली. फ्रोजन फिश फिंगरला फिकट हिरवा 'बी', सुक्या बोंबलांना केशरी 'डी'. खाली एका ताईंचा मेसेज: "दिवाळे गावच्या बाजारातून सुकं आणणं आजपासून बंद. मुलांना फिंगरच." त्यावर अकरा अंगठे. अकरा!

तिथे बोललो असतो तर भांडण झालं असतं. इथे सगळे आपलेच आहात.

हे ए (उत्तम) ते ई (वाईट) प्रकरण म्हणजे पाकिटातल्या खाण्याला पोषणाचा दर्जा देणारा न्यूट्री-स्कोअर. फ्रान्सने 2017 मध्ये आणला, पुढे त्याचे नियम सुधारले. पाकिटामागचे आकडे घालायचे, अक्षर मिळतं. स्क्रीनशॉटमध्ये आकडे दिसतायत, तर हिशेब करूनच टाकतो. बोंबील, 100 ग्रॅममागे: 284 कॅलरी, संपृक्त चरबी 1.2 ग्रॅम, सोडियम 800 मिलिग्रॅम, प्रथिनं 62 ग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ, म्हणजे 2 ग्रॅम. आता दंडाचे गुण मोजा, जितके जास्त तितकं अक्षर वाईट. कॅलरीचे 3, चरबीचा 1, मिठाचे 9. एकूण 13. प्रथिनांचे 7 यातून वजा व्हायला हवेत की नाही? नाही! दंड 11 ला पोचला की प्रथिनं धरायचीच नाहीत, असा नियम आहे. 62 ग्रॅम प्रथिनं गेली पाण्यात, 13 चे 13 राहिले, म्हणून 'डी'. वजा झाली असती तर 6 उरले असते, म्हणजे 'सी'.

फिंगर: 195 कॅलरी, त्याचे 2. चरबी आणि साखर दंडापर्यंत पोचतच नाहीत. सोडियम 320, म्हणजे मीठ 0.8 ग्रॅम, त्याचे 3. दंड 5. दंड कमी, म्हणून इथे मात्र प्रथिनं मोजली जातात: 11 ग्रॅमचे 4 वजा. उरला 1. घ्या 'बी'.

बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. घोळ आहे तो 100 ग्रॅमचा. ओल्या बोंबलात 85 ते 90 टक्के पाणीच असतं. वलांडीवर टांगून वाळवला की पाणी उडतं आणि बाकी सगळं मागे राहतं: प्रथिनं, खनिजं, माशाचं स्वतःचं सोडियमसुद्धा. वरून चिमूटभर मीठ न टाकता आकडा फुगतो. आणि 100 ग्रॅम सुके बोंबील एका बैठकीत खातो कोण? कालवणात माणशी तीन-चार पडतात, धरा 20 ग्रॅम. सोडियम 160 मिलिग्रॅम. त्यातही आधी डोकं-शेपटी-पर कापून कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजत टाकतो, ते पाणी ओतून देतो, त्याबरोबर थोडं मीठ जातंच. (स्वयंपाकात घालता ते मीठ दोन्हीकडे वेगळं धरा.) आता फिंगर. एक 25 ग्रॅमचं. पोरं पाच खातात, सॉसशिवाय नाही. 125 ग्रॅम, सोडियम 400. सॉसचं वेगळं. मग नापास कोण?

पाकिटामागे 'सर्व्हिंग'चा आकडा असतो म्हणाल. असतो, पण सर्व्हिंग केवढं ते कंपनी ठरवते. तीन तुकडे लिहिले की झालं.

अक्षराला काय काय दिसत नाही तेही सांगतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तिथे वाचा: मासा 50 टक्के, मग ब्रेडचा चुरा, मैदा, स्टार्च, पामतेल. अर्धं फिंगर मासाच नाही. 'बी' आहे तो विकत घेतलेल्या स्थितीतल्या पाकिटाला. कारखान्यात एकदा झटपट तळलेलं असतं, घरी कढईत पुन्हा तळता, ते तेल कोणी मोजलं? ओमेगा-3 ला या हिशेबात एकही गुण नाही, म्हणजे बांगड्याची चरबी म्हटली की फक्त दंड, कॅलरीचा आणि संपृक्त भागाचा. क्रॅब स्टिक म्हणून मिळतं त्यात बहुतेक वेळा खेकडा नावालाच. ती सुरिमी. राणी माशासारख्या माशाचा खिमा धुऊन, त्यात साखर किंवा सॉर्बिटॉल आणि फॉस्फेट घालून गोठवतात, पुढे स्टार्च, मीठ, वास, रंग.

बरं, मान्य. खारवलेली सुरमई-बांगडा खरोखर खारट असतात, ब्लड प्रेशरवाल्यांनी लांबच राहावं, तिथे 'ई' आला तरी माझी तक्रार नाही. बिस्किटं-चिप्सना हे अक्षर झकास लागू पडतं. आणि सुकं घेताना वाळू लागते का, हाताला ओलसर लागतं का, हे बघावंच लागतं. ते कुठलंच ॲप सांगणार नाही.

राग याचा की हेच उद्या आपल्याकडे छापून येऊ शकतं. एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2022 च्या सप्टेंबरात पाकिटावरच्या ताऱ्यांचा मसुदा काढला, अर्ध्यापासून पाच तारे, तोही 100 ग्रॅमवरच. 2025 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला या लेबलाबद्दलच्या शिफारशींसाठी तीन महिने दिले. त्यापेक्षा चिलीचं बघा. 2016 पासून तिथे पाकिटांवर इशाऱ्याचे काळे अष्टकोनी शिक्के आहेत. मोजमाप तिथेही 100 ग्रॅमचंच, सोडियमची मर्यादा आता 400 मिलिग्रॅम, पण मीठ, साखर किंवा चरबी वरून घातली असेल तरच शिक्का. नुसत्या उन्हात वाळलेल्या बोंबलाला तिथे कोणी हात लावणार नाही. खारवलेल्याला लावतील. एवढी साधी अक्कल.

ताईंवर चिडून लिहायला बसलो होतो, खरं तर त्यांचं काय चुकलं? घाईत डबा भरणाऱ्या बाईने हिरवा रंग बघावा म्हणूनच तो छापतात. पण त्या सुक्याच्या टोपलीमागे बसणाऱ्या मावशीकडे रंगही नाही आणि ॲपही नाही.

त्या अकरा अंगठेवाल्यांपैकी कोणी इथे असाल तर फ्रीजरमधलं पाकीट उलटं करा आणि माशाचा टक्का तेवढा कमेंटमध्ये टाका.