क्रूझरला सगळ्यात उंच विंडशील्ड लावा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज जिकडे तिकडे फिरतोय, क्रूझर (पाय पुढे ठेवून आरामात बसून चालवायची बाईक) चालवणाऱ्या बहुतेकांना तो आला असेलच. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की क्रूझरला विंडशील्ड, म्हणजे हँडलपुढची वारा अडवणारी पारदर्शक काच, लावायची तर मिळेल ती सगळ्यात उंच आणि रुंद लावा, वरची कड डोक्याच्या वर गेली पाहिजे, मग वारा शून्य, आवाज शून्य, साधं ओपन फेस (हनुवटी उघडी ठेवणारं) हेल्मेट पण चालतं, मायलेज वाढतं, पॉलीकार्बोनेट (एक मजबूत पारदर्शक प्लास्टिक) घेतली की आयुष्यभर बघायला नको, आणि युनिव्हर्सल क्लॅम्प असला की कुठल्याही बाईकवर बसते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण यातली जवळपास प्रत्येक गोष्ट अर्धवट किंवा चुकीची आहे आणि उंचीबद्दलची तर सरळ धोक्याची आहे, आणि लोक हे वाचून काचा मागवतायत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

"वरची कड डोक्याच्या वर गेली पाहिजे"

नाही. अजिबात नाही. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण एवढं वाचा. कड डोळ्यांच्या वर गेली की तुम्हाला रस्ता काचेतूनच बघावा लागतो, दुसरा इलाजच नाही. उजेडात, कोरड्या रस्त्यावर, काच नवी असताना ते छान वाटतं. पण कारच्या काचेला वायपर असतो, बाईकच्या काचेला नसतो. रात्री पाऊस लागला की काचेवरचा प्रत्येक थेंब समोरच्या गाडीचा हेडलाईट पकडून फाकवतो, त्याच्या मागे तुमच्या हेल्मेटचा वायझर (तोंडापुढची पारदर्शक झडप), त्याच्यावरही थेंब, म्हणजे दोन ओल्या काचांमधून तुम्ही खड्डा शोधताय. वायझर निदान वर करता येतो किंवा ग्लोव्हने पुसता येतो, विंडशील्ड चालता चालता काही हलवता येत नाही. पावसाचं सोडा, संध्याकाळचा सूर्य समोरून आला आणि काचेवर किडे, धूळ, बारीक चरे असले की सगळी काच पांढरी दिसते आणि पुढचं काही दिसत नाही.

म्हणून क्रूझरच्या काचेचा नियम असा, की काचेच्या वरून बघायचं, काचेतून नाही. कड साधारण नाकाच्या टोकाजवळ, डोळ्यांच्या ३ ते ५ सेंटीमीटर खाली. हा आकडा कुठून आला ते साध्या हिशोबाने कळतं. बसल्यावर तुमचे डोळे जमिनीपासून समजा १.४ मीटरवर आहेत आणि काच चेहऱ्याच्या ६० सेंटीमीटर पुढे आहे, तर २० मीटर पुढचा रस्ता बघताना तुमची नजर काचेच्या जागी डोळ्यांच्या पातळीपेक्षा साधारण चार सेंटीमीटर खालून जाते. कड याच्या खाली असेल तर तेवढा रस्ता मोकळा दिसतो, वर असेल तर काचेतून दिसतो. यातच अजून एक गोष्ट येते जी बरेच जण विसरतात, काच जितकी पुढे तितकी ती खाली लागते, म्हणून मित्राच्या बाईकवरची काच त्याला बरोबर आहे म्हणून तुम्हालाही बरोबर होईल असं नाही, तुमची उंची वेगळी, सीट वेगळी, हँडल वेगळं.

मग प्रश्न येतो की कड नाकाशी असेल तर वारा तोंडावर येणार नाही का? नाही येत, कारण काचेवर आपटलेली हवा कडेवरून सरळ मागे जात नाही, वर उसळून जाते आणि उंची बरोबर असेल तर हेल्मेटच्या वरून निघून जाते. काही काचांची वरची कड किंचित पुढे वळवलेली असते, ती हवेला अजून वर फेकते, त्यामुळे तशी काच थोडी आखूडही चालते.

माप घेताना घाई करू नका. जे बूट, जे जॅकेट घालून चालवता ते घालून बसा, हेल्मेट घाला, आणि ताठ बसू नका, अर्ध्या तासाच्या रायडिंगनंतर जसे सैल होऊन बसता तसे बसा, कारण क्रूझरच्या सीटवर माणूस हळूहळू खाली सरकतोच. उभ्या बाईकला जिथे काच येणार तिथे पुठ्ठा धरायला सांगा दुसऱ्या कोणाला तरी, आणि वरून २० मीटरवरचा रस्ता दिसेपर्यंत तो कापत या, मग त्याची उंची मोजून त्याप्रमाणे काच मागवा. दोन साईजच्या मधे अडकलात तर माझ्या मते छोटी घ्या, छोट्या काचेला वरून एक्स्टेन्शन लावता येतं, मोठी काच कापायची म्हणजे कोटिंग आणि कड दोन्हीची वाट.

"मोठी काच म्हणजे वारा शून्य"

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालीय. अंगावर येणारा वारा कमी होणं एक आणि डोक्याभोवतीची हवा शांत असणं दुसरं. मोठी काच पहिलं काम करते, छाती आणि खांद्यावरचा जोर कमी करते, क्रूझरवर पाय पुढे आणि अंग उभं असल्यामुळे हा फायदा खरंच मोठा आहे, लांबच्या प्रवासात दंड आणि मान कमी दुखते. पण नदीच्या जोरात वाहणाऱ्या पाण्यात मोठा दगड असला की त्याच्या मागे पाणी गरगर फिरतं, तसंच काचेमागे होतं. तिथे हवेचा दाब कमी होतो, मग वरून, बाजूंनी आणि खालून हवा तिथे घुसते, आणि कडेवरून सुटणारे भोवरे हेल्मेटवर एकामागून एक आपटतात. यालाच बफेटिंग म्हणतात. डोकं थरथरतं, आरशातलं हलताना दिसतं, तासाभराने मान आखडते. कधी कधी तर मागून कोणीतरी पुढे ढकलतंय असं वाटतं, तीही तीच फिरून आलेली हवा. काच जितकी मोठी तितकी मागची ही गडबडीची जागा मोठी, त्यामुळे चुकीच्या मापाची मोठी काच लावून बफेटिंग वाढलं असं खूपदा होतं.

क्रूझरला हा त्रास जास्त होण्याचं कारण पण समजून घ्या, हँडल मागे ओढलेलं असतं त्यामुळे माणूस काचेपासून लांब बसतो, आणि कडेवरून सुटलेली हवा हेल्मेटपर्यंत येता येता विस्कटते. आणि बऱ्याच जणांना वाटतं की सगळा त्रास वरच्या कडेमुळे आहे, पण कितीतरी वेळा तो खालून येतो, हेडलाईट आणि काच यांच्यामधली फट, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या) दोन्ही बाजूंची मोकळी जागा, तिथून हवा वर येऊन थेट हनुवटीखाली लागते. अशा वेळी अजून मोठी काच घेण्यापेक्षा फोर्कला छोटे लोअर डिफ्लेक्टर (खालून येणारी हवा वळवणारे आडोसे) लावले तर जास्त फरक पडतो. दुसरा उपाय म्हणजे काचेमागचा दाब सावरायला मुद्दाम थोडी हवा आत सोडणं. हार्ले-डेव्हिडसनने २०१४ च्या मॉडेलपासून बॅटविंग फेअरिंगला (हेडलाईटभोवतीचं वटवाघळाच्या पंखांसारखं कवच, त्यावर काच बसते) समोर उघडझाप होणारा व्हेंट, म्हणजे हवेचा झरोका, दिला तो याच्यासाठीच. म्हणजे काच आणि फेअरिंग बनवणारेच हवा आत येऊ देतायत आणि आपण मात्र शून्य वाऱ्याच्या मागे लागलोय.

तुमची काच उंच आहे की आखूड हे ओळखायची सोपी पद्धत आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर एका स्पीडला चालताना थोडं ताठ व्हा, डोकं तीन-चार सेंटीमीटर वर घ्या. वारा एकदम स्वच्छ, एकसारखा लागला आणि थरथर थांबली तर काच तुमच्यासाठी जास्त उंच आहे किंवा जास्त उभी आहे. उलट थोडं खाली वाकल्यावर शांत झालं तर काच आखूड आहे किंवा तिला वळलेली कड हवी. आणि काच बदलायच्या आधी तिचा अँगल बदलून बघा, एका वेळी थोडाच, दर वेळी त्याच रस्त्यावर त्याच स्पीडला, वारा नसलेल्या दिवशी. एकदोन सेंटीमीटरने चित्र पूर्ण बदलतं.

"आवाज शून्य"

आवाज हेल्मेटवर आपटणाऱ्या विस्कटलेल्या हवेचा असतो. स्वच्छ हवेत, काच नसतानाही, कधी कधी कमी आवाज येतो आणि चुकीच्या काचेमागे जास्त. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आत ९५ ते १०० डेसिबल सहज होतात. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्याची संस्था ८ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा सांगते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा धरते, या हिशोबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं. काच कितीही चांगली असो, लांबच्या राईडला इअरप्लग घाला, गेलेले कान परत येत नाहीत.

"मग ओपन फेस हेल्मेट चालतं"

काच वाऱ्यासाठी आहे, पडण्यासाठी नाही. पडताना तुम्ही काचेच्या मागे थांबत नाही, आणि हनुवटी आपटते तेव्हा तिथे फुल फेसच लागतं. शिवाय नाकाच्या उंचीच्या काचेवरून किडा किंवा समोरच्या गाडीच्या टायरने उडवलेला खडा येऊ शकतो, त्यामुळे वायझर खालीच पाहिजे. प्लीज, हे वाक्य तरी पुढे पाठवू नका.

"मायलेज वाढतं"

हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गाने वाढतो, ६० वरून १२० ला गेलात की दुप्पट नाही, चौपट. तो किती असेल हे समोरून दिसणाऱ्या आकारावर आणि हवा मागे किती सफाईने मिटते यावर ठरतं. उभी, रुंद, सपाट काच लावून तुम्ही समोरचा आकार वाढवता आणि मागे तर काहीच गुळगुळीत करत नाही. त्यामुळे मोठ्या काचेने हायवेला मायलेज आणि टॉप स्पीड दोन्ही थोडे कमी होण्याचीच शक्यता जास्त. काच आरामासाठी घ्या, पेट्रोलचा हिशोब त्यात धरू नका.

"पॉलीकार्बोनेट घेतली की आयुष्यभर बघायला नको"

अर्धं खरं. आघात झेलण्यात पॉलीकार्बोनेट ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी पुढे आहे, खडा लागला की ॲक्रिलिकला (काचांसाठी वापरतात ते दुसरं प्लास्टिक) तडा जाऊ शकतो, पॉलीकार्बोनेट बहुतेक वेळा झेलते. पण ती मऊ असते, हार्ड कोटिंग नसेल तर नुसत्या कोरड्या फडक्याने चरे पडतात, आणि कोटिंग असेल तर पडलेला चरा पॉलिश करून काढता येत नाही, पॉलिश केलं की कोटिंगच निघतं. ॲक्रिलिक जास्त कडक आणि बारीक चरे घासून काढता येतात. म्हणजे कोटिंगवाली पॉलीकार्बोनेट चांगली, पण विचारून घ्या कोटिंग दोन्ही बाजूंना आहे का, आणि यूव्हीचं संरक्षण आहे का, नाहीतर उन्हात पिवळी पडते.

आणि तिला खरा धोका केमिकलचा आहे. अमोनियावाला घरातला ग्लास क्लीनर, पेट्रोल, ब्रेक फ्लुइड, यातलं काहीही लागलं तर ती धुरकट होते किंवा आतून तडकते. सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे थ्रेडलॉकर, बोल्ट सुटू नये म्हणून लावतात ते निळं किंवा लाल लिक्विड. ते पॉलीकार्बोनेटला लागलं की भोकाभोवती बारीक तडे सुरू होतात आणि लोक म्हणतात काचच खराब होती. काचेच्या बोल्टला नायलॉन लॉकनट वापरा. साफ करायला पाणी आणि सौम्य साबण, मऊ सुती कापड, सावलीत. किडे वाळले असतील तर ओला टॉवेल दहा-पंधरा मिनिटं टाकून ठेवा, मग आपोआप निघतात, घासायचं नाही.

"युनिव्हर्सल क्लॅम्पने कुठेही बसते"

क्लॅम्प बसेल, पण बाकीचं? फोर्कची जाडी ३९, ४१, ४३, ४९ मिलिमीटर अशी वेगवेगळी असते, काही बाईकचे फोर्क उलटे म्हणजे वर जाड असतात, हेडलाईटचा आकार, इंडिकेटरची जागा, सगळं मधे येतं. लावल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, काच टाकीला किंवा वायरला लागत नाही ना, ब्रेक आणि क्लचची केबल ताणली जात नाही ना.

याहून महत्त्वाचं म्हणजे फोर्कवर किंवा हँडलवर बसलेल्या काचेवर वाऱ्याचा जो जोर येतो तो थेट स्टिअरिंगमध्ये जातो. हार्लेची १९६९ ची बॅटविंग फेअरिंग फोर्कवर होती, १९७१ ची क्रेग व्हेटर या डिझायनरची विंडजॅमर फेअरिंग फ्रेमवर, आणि १९८० च्या टूर ग्लाइडमध्ये हार्लेनेही फेअरिंग फ्रेमवर नेली, म्हणजे हा प्रश्न काही आजचा नाही. फ्रेमवरच्या काचेचा भार हँडलवर येत नाही, फोर्कवरच्या काचेचा येतो, आणि क्रूझरच्या बहुतेक काचा फोर्कवरच्याच. त्यामुळे रुंदी पण हाताची बोटं झाकली जातील एवढी पुरे. त्याहून रुंद काच आडव्या वाऱ्यात किंवा ट्रक शेजारून जाताना हँडल खेचते, आणि बाईक हलकी असेल तर हायवेच्या स्पीडला डुलायला लागू शकते. नवी काच लावल्यावर स्पीड टप्प्याटप्प्याने वाढवा, कुठल्याही स्पीडला हँडल डुलतंय असं वाटलं तर हळूहळू थ्रॉटल कमी करा, आणि काच काढून किंवा खाली घेऊन परत बघा.

आणि पहिल्या राईडनंतर सगळे बोल्ट एकदा हाताने तपासा, रबर वॉशर दबून बसतात त्यामुळे थोडे सैल पडतातच. जोर लावून आवळायचे नाहीत, रबर फुगायला लागलं की थांबायचं, कारण जास्त आवळलेल्या बोल्टच्या भोकापासूनच काच तडकायला सुरुवात होते.