‘बाळ नीट रडलं म्हणजे हृदय ठणठणीत’? नाही, असं नसतं

नव्या आयांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय, "नवीन आईंनो, उगाच घाबरू नका" असं वर लिहिलेला. त्यात म्हटलंय की बाळ जन्मल्या जन्मल्या रडलं आणि गुलाबी झालं की हृदय चांगलं समजा, दोष असता तर तेव्हाच निळं पडलं असतं. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नॉर्मल आणि घराण्यात कुणाला हार्टचं काही नाही तर प्रश्नच नाही. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि हृदयात जादा आवाज नाही म्हटलं की विषय संपला. दूध पिताना घाम येतो ती टाळूची उष्णता. आणि समजा हृदयात छिद्र निघालंच तरी ते आपोआप भरतं, बाळ दहा किलोचं होईपर्यंत कुठे नेऊ नका. मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे, आणि लिहिणाऱ्याचा हेतू आयांना धीर द्यायचा असेल हे मला मान्य आहे, पण या मेसेजमुळे जे दिवस वाया जातात ते काही बाळांकडे नसतातच, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे. पोटात असताना बाळाला ऑक्सिजन वारेतून मिळतो, फुप्फुसं अजून कामाला लागलेली नसतात, त्यामुळे फुप्फुसांना वळसा घालून रक्त नेणारी एक छोटी रक्तवाहिनी असते, तिला आम्ही नुसतं डक्ट म्हणतो. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत ती आपोआप बंद होते आणि निरोगी बाळाचं त्यामुळे काही अडत नाही. पण काही बाळांच्या हृदयाची रचनाच अशी असते की फुप्फुसांकडे जाणारी किंवा कमरेखालच्या भागाकडे जाणारी मुख्य वाट अरुंद किंवा बंद असते आणि त्यांचं सगळं या डक्टवरच चाललेलं असतं. असं बाळ जन्मताना व्यवस्थित रडतं, गुलाबी दिसतं, पहिल्या दिवशी दूधही ओढतं, सगळे पेढे वाटतात, डिस्चार्ज मिळतो, आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी किंवा कधीकधी दुसऱ्या आठवड्यात, घरी, डक्ट मिटत आली की बाळ एकदम ढासळतं. म्हणजे जन्मताना रडलं ही आनंदाची गोष्ट आहेच, पण त्यावरून हृदयाचं काही ठरत नाही.

आणि हे फार दुर्मिळ आहे असंही नाही. जन्मणाऱ्या हजार बाळांत साधारण आठ ते दहा बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो, त्यातल्या अंदाजे चौथ्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच ऑपरेशन किंवा तसा उपचार लागतो.

निळेपणाबद्दल जरा सविस्तर सांगते कारण इथे दोन्हीकडून गोंधळ होतो. पहिल्या एक-दोन दिवसांत हाताचे-पायाचे तळवे निळसर आणि गार असणं हे बहुतेक बाळांत दिसतं, त्याने घाबरू नका. बघायचं ते जीभ आणि हिरड्या, ओठांची आतली बाजू, आणि तेही दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, पिवळ्या बल्बखाली नाही. जीभ निळी किंवा जांभळट असेल तर ते नॉर्मल नाही, मग बाळ रडत असो की शांत असो. आपल्याकडे सावळ्या बाळांत त्वचेवरून काहीच कळत नाही, "ओठ मुळातच काळसर आहेत, बापावर गेलंय" असं म्हणून सोडून दिलं जातं. शिवाय रक्तातला ऑक्सिजन बराच खाली, अंदाजे ८०-८५ टक्क्यांपर्यंत, आल्याशिवाय आपल्या डोळ्याला निळेपणा दिसतच नाही, म्हणजे ९० वर असलेलं बाळ अनुभवी आजीलाही गुलाबीच वाटणार. आणि काही गंभीर दोषांत बाळ निळं पडतच नाही, ते राखाडी, फिकट, घामेजलेलं दिसतं.

म्हणूनच पल्स ऑक्सिमेट्रीची, म्हणजे सेन्सरने रक्तातला ऑक्सिजन मोजायची, तपासणी असते. बाळ २४ तासांचं झालं की उजव्या हाताला आणि एका पायाला छोटा सेन्सर लावायचा, काही मिनिटांचं काम, सुई नाही, रक्त नाही. उजवाच हात का, तर त्याला जाणारं रक्त डक्टच्या आधीच फुटतं आणि पायाला जाणारं नंतर, त्यामुळे दोन आकड्यांची तुलना करता येते. दोन्ही ९५ टक्के किंवा वर आणि फरक ३ पेक्षा जास्त नाही तर ठीक, कुठेही ९० च्या खाली आला तर लगेच डॉक्टर, आणि मधलं काही असेल तर पुन्हा तपासायचं. अमेरिकेत २०११ पासून ही तपासणी सगळ्या नवजातांसाठी शिफारशीत आहे, आपल्याकडे मात्र काही ठिकाणी होते, काही ठिकाणी नाही, त्यामुळे डिस्चार्जच्या आधी स्पष्ट विचारा, "बाळाचं हाता-पायाचं ऑक्सिजन स्क्रीनिंग झालं का, आकडे किती आले?" विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही. हे घरच्या मोठ्यांच्या बोटाच्या ऑक्सिमीटरने करू नका, तो बाळाच्या बोटावर नीट बसत नाही आणि काहीही आकडा दाखवतो. आणि हेही खरं की या तपासणीतूनही काही दोष निसटतात, मुख्य धमनी अरुंद असण्याचा दोष त्यातलाच, शिवाय मोठं छिद्र असलं तरी ऑक्सिजन नॉर्मल येऊ शकतो.

सोनोग्राफीचं थोडक्यात. पोटातल्या बाळाची डक्ट आणि वरच्या दोन कप्प्यांमधली एक फट उघडी असणं हेच तेव्हा नॉर्मल असतं, मग त्या जन्मानंतर बंद होणार की नाही हे आधी कसं कळणार? बाकीही काही दोष स्कॅनमध्ये सुटतात, त्यात नेहमी डॉक्टरांची चूक असते असं नाही. आईला आधीपासून डायबेटिस असेल किंवा पहिल्या मुलाला हृदयाचा दोष असेल तर फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, वेगळा करून घ्यावा. पण घराण्यात कुणाला नाही म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही, दोष असलेली बहुतेक बाळं अशाच घरांत जन्मतात जिथे आधी कुणालाही काही नव्हतं.

स्टेथोस्कोपचंही तसंच. काही अतिशय गंभीर दोषांत जादा आवाज येतच नाही, आणि खालच्या दोन कप्प्यांमधल्या मोठ्या छिद्राचा आवाजही पहिल्या दिवसांत बऱ्याचदा येत नाही कारण तेव्हा फुप्फुसांतला दाब जास्त असतो, तो उतरला की दोन ते सहा आठवड्यांत आवाज सुरू होतो. म्हणून दीड महिन्याच्या लसीला जाल तेव्हा बाळाची छाती पुन्हा तपासून घ्या, नुसती सुई टोचून परत येऊ नका. उलट आवाज आला म्हणजे दोष आहेच असंही नसतं, निरुपद्रवी आवाज खूप बाळांत सापडतात.

आता दुधाचं, आणि हे प्रत्येक आईने शांतपणे वाचावं कारण इथे आईला जे दिसतं ते कुठल्याच मशीनला दिसत नाही. तान्ह्या बाळाला दूध पिणं हाच सगळ्यात मोठा व्यायाम. ज्याच्या हृदयावर ताण आहे ते बाळ स्तन तोंडात घेतं, दोन-तीन मिनिटं ओढतं, सोडतं, धापा टाकतं, पुन्हा धरतं, थकून झोपतं, आणि अर्ध्या तासात भुकेने रडत उठतं. कपाळ, कानामागचे केस ओले, हात लावला तर घाम गार लागतो, वर पंखा चालू आणि अंगात एकच पातळ झबलं तरीसुद्धा. याला टाळूची उष्णता म्हणायचं, किंवा बाळ आळशी आहे, किंवा आईलाच दूध नाही म्हणून वरचं सुरू करायचं, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता राग येतो, त्या आईला उगाच अपराधी वाटायला लावतात आणि मूळ कारण तसंच राहतं. गरमीने येणारा घाम कपडे कमी केले की थांबतो, हृदयावरच्या ताणाचा घाम प्रत्येक पाजण्याला येतो. सोबत वजन बघा, दहा-चौदा दिवसांत जन्माचं वजन परत यायला हवं आणि मग रोज साधारण २०-३० ग्रॅम वाढ. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्यांच्याकडून वजन करून घ्या आणि कार्डावर लिहून घ्या.

श्वास मोजायला शिका. बाळ झोपलेलं किंवा शांत असताना झबलं वर करा, पोटाकडे बघा, मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावा आणि पोट वर आलं की एक, असं मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, तान्ह्या बाळाचा श्वास मुळात अनियमित असतो, पाच-सात सेकंद थांबून पुन्हा सुरू होणं चालतं. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा, तरी तितकेच आले तर डॉक्टरकडे जा, बाळ हसरं दिसत असलं तरी जा. आणि अशा धापा टाकणाऱ्या बाळाला कफ झालाय म्हणून धुरी देऊ नका, हात जोडून सांगते.

जीभ निळी, अंग राखाडी आणि गार, दूध पूर्ण बंद, कण्हणं, बरगड्यांखाली खड्डे पडणं, उठवूनही न उठणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा आणि एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, असलेल्या ठिकाणीच न्या, वाटेत बाळ छातीशी उघड्या अंगाला धरून ऊब द्या. अशी बाळं बऱ्याचदा इन्फेक्शनसारखी दिसतात आणि इन्फेक्शन जास्त कॉमन असल्यामुळे उपचार तिथून सुरू होतात, ते बरोबरच आहे, पण तुम्ही "हृदयाचं काही असू शकेल का, टूडी इको करायचा का?" एवढं विचाराच, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डक्ट उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं औषध असतं, ते वेळेत सुरू झालं तर मोठ्या हॉस्पिटलपर्यंत न्यायला वेळ मिळतो.

शेवटचा मुद्दा, छिद्र आपोआप भरतं आणि दहा किलो. छोटी छिद्रं खरंच खूपदा भरतात, पण ते इको बघून डॉक्टर सांगणार, शेजारीण नाही. मोठं छिद्र तसंच राहिलं तर फुप्फुसांतला दाब वाढत जातो आणि एका टप्प्यानंतर ऑपरेशनच करता येत नाही. दहा किलो म्हणजे साधारण वर्षाचं मूल. दोन मुख्य धमन्या उलट्या जोडलेल्या असतात त्या बाळाचं ऑपरेशन सहसा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करावं लागतं, तीन किलोचं असतानाच, आणि आज ते होतं. या सल्ल्यामागे पैशाची भीतीही असते हे मला माहितीय, म्हणून लिहून ठेवा: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, ज्याची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या पालघरहून झाली, जन्मजात हृदयदोष येतो, त्याच्या टीमशी आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून गाठ पडते, महात्मा फुले योजनेतून मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला मदत मिळते, आणि खारघरला सत्य साई संजीवनी हॉस्पिटलमध्ये मुलांच्या हृदयावर मोफत उपचार होतात. इकोचा रिपोर्ट, बाळाचं कार्ड आणि रेशनकार्ड सोबत घेऊन जा.