भाऊसाहेबांवर बोलायला बायबलची मनाई नाही

गोव्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘दोष काढू नका, असं येशू सांगतो. तेव्हा ख्रिस्ती बांधवांनी दयानंद बांदोडकरांना माफ करावं आणि विलीनीकरणाचा विषय कायमचा बंद करावा.’ बांदोडकर म्हणजे भाऊसाहेब, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री; विलीनीकरण म्हणजे गोवा महाराष्ट्रात सामील करण्याची मागणी.

वचन खरं, पण अर्धंच उचललेलं. मत्तयाच्या ७व्या अध्यायाची ती सुरुवात. पाचव्या ओवीपर्यंत वाचलं तर कळतं: आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला नीट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे! क्षमेने हिशेबही पुसला जात नाही. लूकच्या शुभवर्तमानात जकातदार जक्कय फसवून घेतलेलं चौपट परत करायला निघतो. कुमसारात, म्हणजे पाद्रीसमोरच्या पापकबुलीत, चोरी कबूल केली म्हणून चोरीचा ऐवज घरात ठेवता येत नाही.

आता भाऊसाहेब. १९६४चा कूळ कायदा आणि गावोगावच्या शाळा त्यांच्याच काळातल्या. कूळ हिंदू की ख्रिस्ती, हे कायद्याने पाहिलं नाही. विलीनीकरणाचा आग्रहही त्यांचाच. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात १,७२,१९१ मतं विरोधात पडली, १,३८,१७० बाजूने. आणि त्याच वर्षी मार्चच्या निवडणुकीनंतर तेच पुन्हा मुख्यमंत्री झाले. मतदारांना दोन्ही गोष्टी वेगळ्या तोलता आल्या, मग आपल्यालाच का जमू नये?

राहता राहिली माफी. विलीनीकरण मागणं ही राजकीय भूमिका होती, आपल्यातल्या कित्येकांचीही. ती चुकीची म्हणा, खुशाल म्हणा. पण तो अपराध नव्हता, मग माफी कशाची मागताय?