‘मशीन दान द्या, प्रश्न मिटला’? नाही मिटत

सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कॅन्सरवरचं रेडिएशन, म्हणजे किरणांचा शेक, ही श्रीमंत देशांची चैन आहे, मशीनच्या किमती बघा; गरीब देशांनी औषधांवर भागवावं; आणि अगदीच हवं असेल तर कुणीतरी एखादं मशीन दान द्यावं, प्रश्न मिटला.

आधी औषधांचं बघू. कॅन्सरच्या साधारण निम्म्या रुग्णांना कधी ना कधी रेडिएशन लागतं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर गरीब देशांतच जास्त, आणि बाई उशिरा पोचली की ऑपरेशनची वेळ बहुधा टळलेली असते. मग पाचेक आठवडे बाहेरून शेक, जोडीला आठवड्यातून एकदा केमो, आणि ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून शेक. यातला शेक वगळून नुसत्या केमोवर ती बरी होईल ही आशा सोडलेलीच बरी.

किंमत? मशीन महाग आहेच. पण ते वर्षानुवर्षं रोज कित्येक रुग्णांना उपयोगी पडतं, तेव्हा भागाकार न करता नुसता आकडा फेकणं ही लबाडी झाली. त्यात सिटिंगही कमी झालीत: स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी २५ लागायची, आता बऱ्याच जणींना १५ पुरतात. हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेला तर अनेकदा ८ ग्रेचा (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक) एकच शेक.

दानाची गोष्ट मात्र खरी फसवी, कारण मशीन मिळालं तरी ते चालू ठेवावं लागतं. २०१६ मध्ये युगांडातलं एकुलतं एक मशीन, कंपालाच्या मुलागो रुग्णालयातलं जुनं कोबाल्ट मशीन (किरणोत्सर्गी कोबाल्टच्या किरणांनी शेक देणारं), कायमचं बंद पडलं. नवं चालू व्हायला दीड वर्षाहून जास्त काळ गेला. काहींना नैरोबीला पाठवलं. बाकीचे ताटकळत राहिले. कोबाल्टचा स्रोत सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणजे वेळेवर बदलला नाही तर दोन मिनिटांच्या शेकाला चार मिनिटं लागतात आणि रांग लांबत जाते. लिनॅकला, म्हणजे विजेवर किरण तयार करणाऱ्या मशीनला, असा स्रोत लागत नाही, पण स्थिर वीज, थंडावा आणि हाताशी इंजिनिअर लागतो. किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून जाड काँक्रीटची खोली, म्हणजे बंकर, आधी बांधावा लागतो. डोस मोजणारा फिजिसिस्ट नसेल तर मशीन सुरू करणंच धोक्याचं. फीत कापतानाच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून मेसेजातही नाही.

दान जरूर घ्यावं. फक्त पाचव्या वर्षी सुटा भाग कोण आणणार, त्याचे पैसे कोण भरणार, हे करारात आहे का ते सही करण्याआधी बघावं.